मन लागेपर्यंत थांबू नका : चिंता आणि नैराश्यात रोजचा दिवस कसा काढायचा

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडताना हातात एक चिठ्ठी असते. दोन गोळ्यांची नावं आणि खाली 'पंधरा दिवसांनी दाखवणे'. मधले पंधरा दिवस काय करायचं ते चिठ्ठीवर नसतं. पहाटे चार-साडेचारला जाग येते, छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं वाटतं आणि समोर अख्खा दिवस आ वासून उभा असतो. हा लेख त्या दिवसासाठी आहे. ज्यांना नुकतंच 'डिप्रेशन आहे' किंवा 'अँग्झायटी आहे' असं सांगितलं गेलंय त्यांच्यासाठी, आणि अजून कुणी काही सांगितलेलं नाही पण आपलं काहीतरी बिनसलंय हे ज्यांना कळतंय त्यांच्यासाठीही.

मी डॉक्टर नाही. हिशेबाच्या कामात वीस वर्षं काढलेली बाई आहे. दोनदा नैराश्यातून गेले, त्यातल्या पहिल्या खेपेला घाबरण्याचे झटकेही होते. तेव्हा या गोष्टी मला तुकड्यातुकड्यांनी आणि उलट्या क्रमानं कळत गेल्या. इथं सुलट क्रमानं मांडते.

थांबा, आधी एवढं बघा

'झोपेतच सगळं संपलं तर बरं' असं वाटत असेल, आणि त्यापुढे जाऊन 'कसं करायचं' याचा विचार मनात घोळायला लागला असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि १४४१६ लावा. ही टेलिमानस नावाची मानसिक आरोग्याची फोनसेवा केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२. अमेरिकेत असाल तर ९८८.

दुसरं काम घरातल्या एका माणसाला सांगण्याचं. 'मला वाईट विचार येतायत, मला एकटं सोडू नका,' एवढं वाक्य पुरतं. ऐकणाऱ्यानं व्याख्यान द्यायचं नाही, सोबत बसायचं. घरात फवारणीचं औषध असेल तर ते त्याच दिवशी दुसरीकडे हलवायचं किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची. गोळ्यांचा साठाही तसाच. अशी लाट बहुतेक वेळा काही वेळानं ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं, यानं जीव वाचतात.

रक्त तपासून घ्या

थायरॉइड कमी काम करत असेल तर माणूस सुस्त आणि उदास होतो, वजन वाढतं. जास्त काम करत असेल तर धडधडतं, हात थरथरतात, घाम सुटतो. दोन्ही चित्रं हुबेहूब मनाच्या आजारासारखी दिसतात. हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं असेल, किंवा शाकाहारी घरात वर्षानुवर्षं बी-१२ कमी असेल, तरी माणूस गळून जातो. म्हणून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि साखर एवढं तरी एकदा बघावं. बाळंतपण नुकतंच झालं असेल, पाळी जाण्याचा काळ असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगावं.

माझ्या धडधडीवर सहा महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. डॉक्टरांची चूक म्हणावी तर मीही त्यांना 'गॅसेस होतात' एवढंच सांगत होते. आपल्याकडे मनाचं दुखणं आधी पोटात, पाठीत आणि डोक्यात उमटतं. आपण तेवढंच सांगतो आणि मन घरी ठेवून येतो. डॉक्टरांकडे जाताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: झोप कशी आहे, भूक कशी आहे, पूर्वी आवडणाऱ्या कुठल्या गोष्टी आता नकोशा झाल्यात, आणि हे किती आठवडे चाललंय. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, बहुतेक दिवसभर असं वाटत असेल तर तो नुसता 'मूड' नव्हे. आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे 'तुला काही झालेलं नाही' असाही अर्थ होत नाही. घरचे मात्र तोच काढतात.

दोन्ही आजार कशावर जगतात

टाळण्यावर.

मैत्रिणीचा फोन येतो. बोलण्यासारखं काही नाही असं वाटतं म्हणून तो वाजू देता. वाजणं थांबतं, हुश्श होतं. दुसऱ्या दिवशी 'काल उचलला नाही, आता काय सांगू' याची भर पडते. आठवड्याभरानं ती फोन करणं सोडते आणि मन म्हणतं, बघ, तू कुणालाच नको आहेस. हे झालं नैराश्याचं चाक. चिंतेचं चाक वेगळ्या दिशेनं फिरतं पण आस तोच. भाजी मंडईतल्या गर्दीत एकदा छाती धडधडते, म्हणून मंडई बंद. मग बस बंद. मग लग्नकार्यं. बघता बघता जग उंबरठ्यापर्यंत येऊन थांबतं. मेख अशी की टाळलं की त्या क्षणी खरंच बरं वाटतं. त्यामुळे टाळणं हा इलाज वाटतो, आणि आजार त्याच्यावरच पोसला जातो.

आपण सगळे म्हणतो, 'मन लागलं की करीन.' निरोगी माणसाला हे वाक्य चालतं. नैराश्यात मन लागत नाही हाच तर आजार, त्यामुळे वाट बघणारा बघतच राहतो. इथं क्रम उलटा घ्यावा लागतो. हात आधी हलवायचे, मन मागून येतं. कधी दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. गोव्यात संगाथ ही संस्था १९९६ पासून काम करते. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्या अर्ध्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी. भेटी घेणारे डॉक्टर नव्हते की मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली तिथलीच साधी माणसं होती. त्यांचा भर मुख्यतः एकाच गोष्टीवर: हा माणूस काय काय करायचा थांबलाय ते शोधायचं आणि त्यातलं थोडं थोडं पुन्हा सुरू करायला मदत करायची. कार्यक्रमाचं नावच 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम'. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तीन महिन्यांनी, भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर होते. ज्यांना भेटी मिळाल्या नाहीत त्यांच्यात हा आकडा ३९ टक्के होता. हिशेबनीस बाईला हा फरक लक्षात राहणारच.

पहिले चार दिवस : फक्त नोंद

लगेच काही बदलायला जाऊ नका. साधी वही घ्या. दर दोन तासांनी एक ओळ: काय करत होते आणि मन कसं होतं, दहापैकी किती. शून्य म्हणजे तळ, दहा म्हणजे मस्त. माझ्या वहीतला एक दिवस असा होता:

सकाळी ७ ते ९, अंथरुणात मोबाइल बघत — २.
९ ते १०, मुलीचा डबा — ३.
१० ते १, पुन्हा पडून — १.
१ ते २, जेवण, टीव्हीसमोर — २.
४ ते ५, सासूबाईंसोबत मेथी निवडली — ५.

दिवस संपताना मला कुणी विचारलं असतं तर 'आख्खा दिवस वाईट गेला' असंच सांगितलं असतं आणि ते खरं वाटलं असतं. वहीत मात्र पाच लिहिलेला होता. मेथी निवडायला मला आवडतं हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं. नैराश्य आठवणीत फेरफार करतं आणि बऱ्या घटका खोडून टाकतं. त्यामुळे वही आठवणीवर विसंबून रात्री लिहायची नाही, त्या त्या वेळी लिहायची. चार दिवसांत दोन याद्या आपोआप तयार होतात: कशानं आकडा खाली जातो आणि कशानं जरासा वर येतो. मोबाइल घेऊन लोळणं बहुतेकांच्या पहिल्या यादीत सापडेल.

मग लहान काम, त्याहून लहान काम

इथं सगळे चुकतात. उत्साहाच्या भरात 'उद्यापासून पाचला उठणार, योगासनं, तीन किलोमीटर चालणार' असं ठरवतात. दुसऱ्या दिवशी सातलाही उठवत नाही आणि 'मला एवढंही जमत नाही' असा नवा दगड छातीवर बसतो.

मोजमाप असं घ्या: गेल्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस आठवा. त्या दिवशीही जमलं असतं असं काम निवडा. मग ते निम्मं करा. आंघोळ होत नसेल तर आजचं काम आंघोळ नाही, गिझरचं बटण दाबणं हे आहे. पाणी तापलं की बहुतेक वेळा माणूस जातोच. नाही गेला तरी बटण दाबलं, ठरलेलं झालं, वहीत खूण करा. चालायला जायचं नाही, चपला घालून गेटपर्यंत जायचं. स्वयंपाक नाही, कुकर लावायचा.

काम घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या घडामोडीला बांधा. 'सकाळी कधीतरी गच्चीत जाईन' हे होत नाही. 'दूध आलं की पातेलं ओट्यावर ठेवून गच्चीत दहा मिनिटं' हे होतं, कारण दूध रोज येतं. सकाळचं ऊन डोळ्यांवर पडण्याचा झोपेचं घड्याळ सुधारायलाही उपयोग होतो. संध्याकाळी दिवा लावला की एक फोन. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओटा पुसणं.

दिवसात तीन तऱ्हेची तीन कामं असावीत, एकाच तऱ्हेची तीन नकोत. एक शरीर हलवणारं. एक हाताला गुंतवणारं: झाडांना पाणी, कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, पेटी वाजवता येत असेल तर एक सरगम. आणि एक माणसाशी जोडणारं, मग ते वाण्याशी दोन वाक्यं बोलणं का असेना. तिसरं सगळ्यात जड जातं. मी सुरुवात व्हॉट्सॲपवर मावशीला 'कशी आहेस' विचारण्यापासून केली. तिचं उत्तर बारा ओळींचं आलं, ते वाचायला मला दोन दिवस लागले. चाललं.

काम करण्याआधी वहीत अंदाज लिहा, 'यातून मन किती होईल?' आणि झाल्यावर खरा आकडा. माझा अंदाज जवळजवळ नेहमी एक किंवा दोन असे, प्रत्यक्षात तीन-चार निघे. असे वीस-पंचवीस अंदाज चुकलेले दिसले की 'काही उपयोग नाही' या आतल्या आवाजावरचा विश्वास जरा उडतो. तो आवाज बंद होत नाही. पण त्याचा हिशेब कच्चा आहे हे कळतं.

एखादा दिवस एकदम चांगला उजाडतो. तेव्हा सावध राहा. अशाच एका दिवशी मी माळा काढला, सगळी पितळी भांडी घासली आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात होते. चांगल्या दिवशीही ठरलेल्याच्या फार तर दीडपट.

छाती धडधडते तेव्हा

पहिल्यांदा असं झालं तर दवाखान्यात जाऊन ईसीजी काढाच, विशेषतः चाळिशी उलटली असेल, साखर किंवा बीपी असेल तर. 'टेन्शनच असेल' असं म्हणून छातीचं दुखणं अंगावर काढायचं नाही. हृदय ठीक आहे आणि हे घाबरण्याचे झटके आहेत असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढचं वाचा.

झटक्यात शरीर खोट्या धोक्याला खरं समजून पळायची तयारी करतं. ॲड्रिनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास भराभर होतो. भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे हातापायांना, ओठांना मुंग्या येतात आणि गरगरतं. आपण त्याला 'आता पडणार' समजतो. खरं तर झटक्यात बीपी सहसा वाढतं, त्यामुळे चक्कर येऊन पडणं क्वचितच होतं. झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या-पाऊण तासात उतरतो. तुम्ही काहीही केलं नाही तरी.

श्वासाचा एक उपाय शिकून ठेवा: चार मोजत नाकानं आत, सहा मोजत हळू बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांब असला की हृदयाचे ठोके मंदावतात. दिवसातून दोनदा, शांत असताना, पाच पाच मिनिटं सराव करा. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी लागत नाही. झटक्याच्या वेळी मात्र श्वासाशी झोंबी खेळू नका. 'हा झटका आहे, मागच्या वेळीही उतरला होता' असं स्वतःला सांगा आणि जिथं आहात तिथंच थांबा. बाकावर बसा, भिंतीला टेका, पण पळू नका. पळालात तर शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो.

यापुढची पायरी म्हणजे शिडी. ही चिंतेवरची सगळ्यात गुणकारी गोष्ट आणि सगळ्यात कमी लोकप्रिय. मला पहिला झटका कसारा घाटात एसटीत आला आणि मी एसटी सोडली. मुलीच्या ॲडमिशनसाठी मुंबईला जायची वेळ आली तेव्हा भानावर आले. समुपदेशक बाईंनी कागदावर शिडी काढायला लावली, प्रत्येक पायरीपुढे भीतीचे शंभरपैकी गुण:

एसटी स्टँडवर बाकावर अर्धा तास बसणं, कुठं जायचं नाही — ३०.
शहर बसनं दोन थांबे, नवरा सोबत — ४०.
तेच एकटीनं — ५५.
शहर बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत — ६०.
एसटीनं नाशिकहून सिन्नर, परत — ७५.
कसारा घाट — ९५.

नियम दोन. पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत थांबायचं. आणि एक पायरी तीन-चारदा केल्यावर कंटाळवाणी झाली की मगच पुढची. स्टँडवर पहिल्या दिवशी मला घाम फुटला. चौथ्या दिवशी मी शेंगदाणे खात लोकांच्या पिशव्या बघत बसले होते. घाटापर्यंत पोचायला अडीच महिने लागले.

वाटेत कुबड्या सापडतात. खिडकीचीच सीट हवी, पर्समध्ये लिंबू, नवऱ्याचा फोन चालूच, गोळी मुठीत. सुरुवातीला असू द्या, पण एकेक करून सोडा, नाहीतर मन श्रेय लिंबाला देतं. घरातलं बीपीचं मशीन ही सगळ्यात लबाड कुबडी. मी दिवसातून सहा वेळा बीपी बघायचे, आणि बघायच्या काळजीनंच ते वाढायचं. मशीन शेवटी दिराकडे पाठवलं. लक्षणं गूगलवर शोधणं आणि घरच्यांना 'मला काही होणार नाही ना?' असं पुन्हा पुन्हा विचारणं, हेही त्यातच मोडतं.

रात्र

दिवसा दडपलेल्या काळज्या दिवा मालवला की बाहेर येतात. त्यांना संध्याकाळचीच वेळ द्या: समजा साडेसहा ते सात, खुर्चीत बसून, कागदावर. दिवसभरात काळजी आली की 'साडेसहाला बघू' म्हणून एका शब्दात टिपून ठेवायची. वेळ झाली की यादी घ्यायची आणि प्रत्येकीपुढे लिहायचं, यात माझ्या हातात काही आहे का? असेल तर उद्याचं एक लहान काम. नसेल तर नुसती रेघ. निम्म्या काळज्या साडेसहापर्यंत शिळ्या झालेल्या असतात.

झोपेबद्दल थोडक्यात. झोपायची वेळ ठरवण्यापेक्षा उठायची ठरवा, आणि रात्र कशीही गेली तरी त्याच वेळी उठा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. अंथरूण हे तळमळायचं ठिकाण आहे हे शरीराला विसरायला लावायचंय. मोबाइल बाहेरच्या खोलीत. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला पाच-एक तास लागतात, म्हणून दुपारी तीन-चारनंतर चहा बंद. हे ऐकून घरात बंड होतं, तरी करून बघा.

आणि दारू. 'दोन पेग घेतले की झोप लागते' हे खरं आहे, लागते. मग उत्तररात्री मोडते आणि दुसऱ्या दिवशी उदासी आणि धडधड दोन्ही वाढतात. झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळीसोबत दारू घेणं तर जिवाशी खेळ आहे.

'च'ची गंमत

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकात विचार बदलून भावना सावरण्याची एक उपचारपद्धत मांडली, आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी). मराठीत ती बरीच रुजली आहे. तिचा गाभा असा की घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला हट्ट जास्त त्रास देतो. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो. 'मुलीला चांगले मार्क मिळायला हवेत' ही इच्छा. 'मिळायलाच हवेत' हा हट्ट. 'लोकांनी मला चांगलं म्हणावं' आणि 'म्हटलंच पाहिजे'. संध्याकाळच्या कागदावर जिथं 'च' दिसेल तिथं पेन्सिलीनं गोल करा आणि तेच वाक्य 'च' काढून मोठ्यानं वाचा. काळजी जात नाही, पण तिची धार बोथट होते. एवढंच. नैराश्य खोल असताना हे करत बसू नका. तेव्हा विचारांशी वाद घालण्याइतकी ताकद नसते. तेव्हा गिझरचं बटण.

गोळ्या

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन ही नेहमी दिली जाणारी नावं. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पुरता यायला त्याहून जास्त. मळमळ, पोट बिघडणं, अस्वस्थता हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे आधी तोटा आणि मग नफा. बरेच लोक नेमके दहाव्या दिवशी सोडतात. या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही. पण एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करायच्या. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी त्या चालू ठेवायला सांगतात. कामेच्छा कमी होणं हा एक त्रास आहे, जो कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. सांगा, गोळी किंवा मात्रा बदलता येते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींकडे पहिले काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवावं, कारण त्यांच्यात सुरुवातीला मरणाचे विचार वाढू शकतात. आणि पूर्वी कधी आठवडाभर झोपेविना भन्नाट उत्साह, उधळपट्टी असं झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यावरून अख्खं औषध बदलतं.

अल्प्राझोलामसारख्या गोळ्या वेगळ्या. त्या अर्ध्या तासात शांत करतात आणि म्हणूनच त्यांची सवय लागते. थोड्या दिवसांपुरत्याच. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर आणत राहायचं नाही.

घरच्यांशी बोलताना

'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न येणारच. उत्तर देत बसू नका, त्याला उत्तर नाही. शुगर झालेल्याला कुणी विचारत नाही. घरच्यांना आजाराचं शास्त्र समजावण्यापेक्षा नेमकं काम सांगा: 'संध्याकाळी माझ्यासोबत गेटपर्यंत चल. मी नाही म्हटलं तरी चपला पुढे ठेव.' 'पाहुण्यांना तू सांभाळ.' 'रोज गोळी घेतली का विचार, पण दिवसातून एकदाच.' माझ्या नवऱ्याला पहिले दोन महिने काय करावं कळत नव्हतं म्हणून तो माझ्यावर चिडायचा. चपलांचं काम मिळाल्यावर चिडणं थांबलं.

सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मीठमोहऱ्या ओवाळल्या, मी निमूट बसले. त्यांनाही काहीतरी करायचं होतं. दृष्ट काढू द्यावी, गोळी सोडू नये.

ऑफिसात सगळ्यांना सांगण्याची गरज नाही. एका भरवशाच्या माणसाला सांगून ठेवलं तर वाईट दिवशी सावरून घेतलं जातं.

कुठं जायचं

जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथं खर्च नाममात्र. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नावाला भिऊ नका, ओपीडीत दाखवून त्याच दिवशी घरी जाणारे पुष्कळ असतात. गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, त्यांचे मराठीतले व्हिडिओ घरच्यांना दाखवायला फार उपयोगी पडतात. १४४१६ फक्त संकटासाठी नाही. 'मी कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ' हेही तिथं विचारता येतं.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारात पुढचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो गोळ्या देतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही. समुपदेशकाला शिक्षण आणि पद्धत विचारायला लाजू नका. तीन-चार भेटींनंतरही काय चाललंय ते कळत नसेल तर बदला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखंच संरक्षण देणं बंधनकारक केलंय. पण बऱ्याच पॉलिसींत पैसे भरती झाल्यावरच मिळतात, ओपीडीचे नाही, तेव्हा पॉलिसीचा कागद आधी वाचा.

पुन्हा घसरलं तर

एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना ते पुन्हा येतं. हे मला पहिल्या खेपेला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या खेपेला मी स्वतःलाच दोष देत चार महिने घालवले. आता माझ्याकडे एक पुठ्ठ्याचं कार्ड आहे, बरी असताना लिहिलेलं. वरच्या बाजूला माझ्या तीन खुणा: पहाटे जाग येणं, फोन न उचलणं, आणि केस धुवायचा कंटाळा. ओळीत आठवडाभर तिन्ही दिसल्या तर काय करायचं ते खाली: वही सुरू, दूध आलं की गच्ची, नवऱ्याला सांगणं, डॉक्टरांची वेळ घेणं. सगळ्यात खाली दोन फोन नंबर, डॉक्टरांचा आणि १४४१६.

कार्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. गेल्या पावसाळ्यात तिसरी खूण नवऱ्यालाच आधी दिसली. तो काही बोलला नाही, कपाट उघडून ठेवून कामाला गेला. मी त्याच दुपारी डॉक्टरांची वेळ घेतली. त्या खेपेला रजा टाकावी लागली नाही.